धाकटी जाऊ अकराव्या दिवशी गेली, हे मरण बाळंतपणातलं धरतात का?

हुडकेश्वरची वर्षा | सोमवार, रात्री ११:०५

नमस्कार. मी इथे बहुतेक पाककृतींच्या धाग्यांवरच असते, हा धागा कुठल्या विभागात टाकायचा ते कळलं नाही म्हणून आरोग्यमध्ये टाकतेय, अ‍ॅडमिनना हलवायचा असला तर हलवा.

बावीस दिवस झाले माझ्या धाकट्या जावेला जाऊन. सव्वीस वर्षांची होती, पहिलंच बाळंतपण. नाव नागपुरातच नोंदवलं होतं, आमच्या भागातल्या सरकारी केंद्रावर, कार्ड आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी पाठवलं, माहेर चंद्रपूरकडचं, तालुक्याचं गाव. तिथल्याच दवाखान्यात डिलिव्हरी झाली, नॉर्मल, मुलगी, पावणेतीन किलो. तिसऱ्या दिवशी घरी आली, फोनवर माझ्याशी अर्धा तास बोलली, बारशाला कोणती साडी आणायची वगैरे.

नवव्या दिवशी डोकं दुखते म्हणाली, डोळ्यापुढे अंधारी येते म्हणाली. सगळ्यांना वाटलं जागरणं होऊन राहिली, त्यात उष्णता. तिच्या आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, डोक्याला तेल लावून झोपवलं. दहाव्या दिवशी सकाळी झटके आले. आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे, आणि नागपुरात पोचेपर्यंत रात्रीचे दहा. पहाटे दोनला गेली. बाराव्या दिवशी बारसं होतं.

सर्टिफिकेटवर लिहून आहे हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू. माझ्या दिरांनी विचारलं की साहेब बाळंतपणात गेली असं काऊन नाही लिहिलं, तर उत्तर मिळालं की डिलिव्हरी तर व्यवस्थित झाली होती, घरी गेली होती, मग बाळंतपणात कसं धरणार. कोणत्या दवाखान्यात ते लिहीत नाही, भांडायचं नाहीये मला. फक्त दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. हे मरण बाळंतपणातलं मोजतात की नाही? आणि नागपूरसारख्या शहरात बायका अजून कशानं जातात? इथे डॉक्टर, सिस्टर मंडळी आहेत म्हणून विचारतेय.

काटोलकर | सोमवार, रात्री ११:२०

फार वाईट झालं वर्षाताई. शब्द नाहीत. बाळ कसं आहे?

हुडकेश्वरची वर्षा | सोमवार, रात्री ११:२६

बाळ माझ्याजवळ आहे, बरी आहे. वरचं दूध चालू केलंय.

निवृत्त सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:१०

वर्षा, बाई, रात्रीच वाचलं पण लिहायला बळ आलं नाही. एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली मी, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. डिलिव्हरीनंतर ४२ दिवसांच्या आत बाई गेली आणि कारण गरोदरपणाशी किंवा बाळंतपणाशी जुळलेलं असलं की तो मातामृत्यू. घरी गेली असो, माहेरी असो, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये असो. अपघात, साप चावणं असलं काही असेल तरच वेगळं. गर्भपात झाल्यावर गेली तरी, नळीत गर्भ राहून नळी फुटली तरी, सगळं यातच येते. तुझी जाऊ अकराव्या दिवशी गेली. ती मातामृत्यूच आहे, यात दुमत होऊच शकत नाही.

आणि 'हृदय व श्वसनक्रिया बंद' हे कारण नसतेच. मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय बंद पडते. ते कशामुळे पडलं ते लिहायचं असते.

तू सांगितलं त्यावरून मी रोगाचं नाव ठोकून देणार नाही, पण डोकेदुखी, डोळ्यापुढे अंधारी आणि मग झटके, या क्रमानं आम्हाला एकच आठवायचं, बीपी. लोकांना वाटते बाळ झालं की बीपीचा धोका संपला. उलट डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जाते, आणि नेमकी तेव्हा बाई घरी असते आणि बीपी कोणी पाहत नाही. झटके सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतात. आधी बीपी नॉर्मल होतं अशा बाईलाही येतात.

दृष्ट काढली म्हणून तिच्या आईला दोष देऊ नको हं. तिला कोणी सांगितलंच नसेल की बाळंतिणीचं डोकं दुखणं साधं नसते. डिस्चार्जच्या वेळी आम्ही बाळाच्या लसीचं दहा वेळा सांगतो, आईचं सांगतच नाही. मीही कित्येकदा नाही सांगितलं. वॉर्डात एका बेडवर दोन बायका असल्या की तिसऱ्या दिवशी कधी एकदा बेड रिकामा होतो एवढंच डोक्यात असते.

पीएसएमवाला | मंगळवार, दुपारी १:४०

सिस्टरांना अनुमोदन. मी सामुदायिक वैद्यकशास्त्रात शिकवतो, यातलं मोजणीचं काम काही वर्षं जवळून पाहिलंय म्हणून थोडं लांब लिहितो.

देशाचा मातामृत्यूचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे सांगतात. २००१-०३ मध्ये तो ३०१ होता, २०१८-२० मध्ये ९७ वर आला. त्याच काळात महाराष्ट्राचा ३३, केरळचा १९ आणि मध्य प्रदेशचा १७३. हे नमुना नोंदणीचे आकडे, म्हणजे निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीवरून काढलेले, राज्याच्या पातळीवरचे. शहराचा असा आकडा त्यात नसतो, आणि कोणी काढला तरी एका वर्षाच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये. समजा एखाद्या शहरात वर्षाला चाळीस हजार बाळं जन्मली आणि दर राज्याएवढाच धरला तर तेरा बायका होतात. पुढच्या वर्षी अठरा झाल्या तर पेपरात 'वाढ' म्हणून येईल आणि दहा झाल्या तर 'यश' म्हणून. तेराच्या तेरा गोष्टी नीट वाचल्या तर त्यातून जास्त कळते.

आता नागपूरची खासियत म्हणजे इथे मरणारी प्रत्येक बाई नागपूरची नसते. मेडिकल, मेयो, डागा, आता मिहानमधलं एम्स, या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, वर्धा, यवतमाळकडून पेशंट येतातच, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, बैतूलकडून. मध्य प्रदेशचा आकडा वर दिला तो यासाठीच. सिवनीची बाई खवासा, देवलापार, मनसर करत इथे येते तेव्हा तिचे पहिले काही तास रस्त्यातच गेलेले असतात. मोठ्या रुग्णालयांच्या रजिस्टरमध्ये मातामृत्यूंचे पत्ते पाहिले तर पुष्कळसे शहराबाहेरचे निघतात, आणि दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत गेलेल्या त्यात खूप दिसतात. म्हणून त्या रुग्णालयाचा आकडा बघून 'तिथे बायका मारतात' म्हणणं अन्याय आहे. पण उलटंही तितकंच खरं, की 'बाहेरून आलेली केस होती' हे वाक्य लिहून फाईल बंद करणं सोपं पडते. शहरातल्या शहरातही बायका तीन दरवाजे फिरून येतात.

वर्षाताई, तुमच्या जावेचं तर नाव नागपुरात, डिलिव्हरी चंद्रपूर जिल्ह्यात, मृत्यू पुन्हा नागपुरात. तिघांपैकी कोणालाच ती आपली वाटली नसेल. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, त्यामुळे सातव्या महिन्यानंतर कार्ड एकीकडे आणि बाई दुसरीकडे असं सर्रास होते. नव्या ठिकाणी नवा केसपेपर निघतो, मागचं बीपी किती होतं, हिमोग्लोबिन किती होतं ते कोणी बघत नाही.

सर्टिफिकेटबद्दल, दवाखान्यात झालेल्या मृत्यूचा जो फॉर्म चार असतो त्यात बाई असेल तर वेगळा प्रश्न छापलेलाच आहे, मृत्यू गरोदरपणाशी संबंधित होता का आणि असेल तर प्रसूती झाली होती का. तो रकाना घाईत रिकामा राहतो किंवा 'नाही' होतो. तो काय भरलाय ते पाहा.

बे पोट्टा | मंगळवार, दुपारी २:१५

मले एक समजत नाई सर. गडचिरोलीचं समजू शकतो, जंगल आहे, नाला आडवा येते. नागपुरात तर दर चौकात दवाखाना आहे, धंतोली-रामदासपेठमध्ये तर घरापेक्षा हॉस्पिटलं जास्त. मंग बाई मरते काऊन? माह्या मोठ्या बहिणीची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, हा धागा वाचून रातभर झोप नाई आली.

निवृत्त सिस्टर | मंगळवार, दुपारी ४:५०

पोट्ट्या, घाबरू नको, बहुतेक बाया चांगल्या सुटतात. पण प्रश्न बरोबर विचारला.

आम्हाला शिकवताना एक हिशोब सांगायचे, उपचार नाही मिळाला तर कोणत्या कारणात बाई साधारण किती वेळात जाते. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव झाला तर दोन तास. डिलिव्हरीआधीचा रक्तस्राव बारा तास. गर्भपिशवी फाटली तर एक दिवस. झटके आले तर दोन दिवस. अडलेली बाई तीन दिवस. जंतुसंसर्ग सहा दिवस. यात दोन तासवाली बघ. भरलेल्या दिवसांत गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त जात असते, वार सुटल्यावर पिशवी आवळली नाही तर नळ उघडा राहिल्यासारखं होते. अशी बाई एका नर्सिंग होममध्ये आहे, तिथे रक्त नाही, भूल देणारा यायला पाऊण तास, मग म्हणतात मोठ्या दवाखान्यात न्या, मग अ‍ॅम्ब्युलन्स, मग तिथे कॅज्युअल्टी, केसपेपर, मग सॅम्पल घेऊन नातेवाईक रक्तपेढीत. दवाखाना दीड किलोमीटरवर आहे रे, पण दोन तास तर इथेच संपले.

गावातली बाई घरात अडकायची. शहरातली दोन दवाखान्यांच्या मधात अडकते. एकतीस वर्षांत मी हा बदल डोळ्यानं पाहिला. सुरुवातीला दाईच्या हातून बिघडलेल्या केसेस यायच्या, दोन दिवस अडलेल्या, हात बाहेर आलेल्या. नंतर त्या जवळजवळ थांबल्या, आणि चिठ्ठी घेऊन येणाऱ्या वाढल्या. चिठ्ठीवर एक ओळ, 'पुढील उपचारासाठी पाठवत आहे'. बीपी किती, रक्त किती गेलं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, काही नाही. झटक्याच्या पेशंटला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पाठवायचं असते. तो दिला का हेच माहीत नसलं तर आम्ही परत द्यायचा की नाही द्यायचा? जास्त झाला तर श्वास थांबतो. त्या एका ओळीच्या चिठ्ठीसमोर उभं राहून मी कितीदा देवाचं नाव घेतलं असेल.

अजून एक उन्हाळ्याचं. पिशवी आवळायचं ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागते, २ ते ८ डिग्री. मे महिन्यात आपल्याकडे ४५ चढते, लाईट जाते, लहान जागी फ्रिज नसते किंवा इंजेक्शनची पेटी टेबलावरच राहते. इंजेक्शन दिलं असं कागदावर असते पण त्यात ताकद उरलेली नसते.

वाठोड्याची आशा | मंगळवार, रात्री ९:३०

मी आशा सेविका आहे, वस्तीत काम करते. सिस्टर बोलल्या ते खरं आहे, मी वस्तीतलं सांगते.

आमच्याकडे दोन तऱ्हेच्या बाया नोंदीतून सुटतात. एक भाड्यानं राहणाऱ्या, चार महिने इथं चार महिने कळमन्याकडे, घरमालक कागद देत नाही. दुसऱ्या बिल्डिंगच्या कामावरच्या, छत्तीसगडच्या, बालाघाटच्या, वीटभट्टीवरच्या. मी नाव लिहायला जाते तर नवरा म्हणते आम्ही पुढच्या महिन्यात गावाले चाललो. मंग ती गावालेबी जात नाई, आठव्या महिन्यात विटा उचलत असते. एकीचं हिमोग्लोबिन पाहिलं होतं, ५.८. चालतबोलत होती. तिले म्हटलं बाई भरती हो, रक्त लागते, तर म्हणे मले काई झालं नाई, थोडा दम लागते. ७ च्या खाली म्हणजे किती मोठी गोष्ट आहे ते तिले समजवायले मले चार चकरा लागल्या, शेवटी तिच्या मुकादमाले बोलली तेव्हा सुट्टी भेटली. वाचली ती. ज्या बाईच्या अंगात रक्तच नाई तिचं डिलिव्हरीत दुसऱ्या बाईले चालते तेवढं रक्त गेलं तरी ती राहत नाई.

लोहाच्या गोळ्या आम्ही देतो, १८० गोळ्या गरोदरपणात अन् तेवढ्याच नंतर. खात नाईत. पोटात जळजळते, संडास काळी होते, काई म्हणतात पोरगं काळं होईन. काई जणी चहासंगच घेतात, मंग ती अंगाले लागतच नाई. लिंबूपाण्यासंग घ्या म्हणून सांगून सांगून माहा घसा बसला.

वर्षाताई तुमच्या केसचं. १५ ते ४९ वयातली कोणतीबी बाई मेली का आशानं २४ तासात कळवायचं असते, मंग गरोदर होती का, बाळंतीण होती का ते पाहतात. तुमची जाऊ माहेरी बाळंत झाली म्हणून तुमच्या आशाले माहीतच नसन. तुम्ही तिले बोलवा. नसन माहीत तर केंद्रावरच्या एएनएम मॅडमले, म्हणजे नर्सबाईले भेटा.

डॉ. रातपाळी | बुधवार, रात्री १२:५०

मी नागपुरातच बारा बेडचं प्रसूतिगृह चालवते. सिस्टर, तुमच्या मिनिटांच्या हिशोबावर मला वाद घालायचा नाही, तो खरा आहे. पण चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताचंही सांगते.

माझ्याकडे रक्तस्राव झाला की मी आणि माझ्या दोन सिस्टर. पिशवी चोळणं, इंजेक्शन, गोळ्या, ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड (ते तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो हे २०१७ च्या मोठ्या अभ्यासातून पक्कं झालं), पिशवीत कंडोमचा फुगा करून सलाईन भरून दाब देणं, हे सगळं मी करते. एवढ्यानं बहुतेक थांबते. जिचं नाही थांबत तिला रक्त लागते, आणि पहाटे तीनला बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या मिळवायला मी स्वतः फोनवर असते. बाहेर पंचवीस नातेवाईक जमलेले. त्या क्षणी डॉक्टरच्या मनात भीती येत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्या भीतीपोटी काही जण नको तितक्या लवकर पाठवतात आणि काही जण 'अजून थोडं बघू' म्हणत फार उशिरा. दोन्हीत बाई जाते. मी स्वतः एकदा उशीर केलाय. ती वाचली, पिशवी काढावी लागली. बावीस वर्षांची होती.

आता सिझरबद्दल, कारण तो विषय इथे येणारच. ज्या सिझरची गरज असते त्यानं जीव वाचतात. पण २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरात पंचवीस बायकांचं सिझर झालेलं होतं, देशभरात खाजगीत तर शंभरात ४७. पहिल्या सिझरची किंमत कधीकधी पुढच्या बाळंतपणांत मोजावी लागते. जुन्या टाक्यांच्या जागी वार बसली आणि आत रुतली तर सुटत नाही, सोडवायला गेलं की रक्ताचा लोट. अशी बाई सोनोग्राफीत आधी ओळखू येते, तिला मोठ्या ठिकाणी, रक्त तयार ठेवून, दिवसाउजेडी घ्यायचं असते. वीस वर्षांपूर्वी मी वर्षातून एखादी पाहायची, आता वारंवार दिसतात.

सक्करदरा ७९ | बुधवार, सकाळी १०:०५

आमच्या आजीची अकरा बाळंतपणं घरी झाली, सुईण यायची, काही नाही झालं. आता इतक्या तपासण्या, इतके डॉक्टर, तरी हे. शरीरच कमजोर झाली आहेत.

पीएसएमवाला | बुधवार, सकाळी १०:४०

काका, तुमची आजी राहिली म्हणून तुम्ही तिची गोष्ट सांगू शकता. ज्या गेल्या त्यांची नातवंडं सांगायला नाहीत. जुन्या घरांत विचारा, आजोबांचं दुसरं लग्न का झालं होतं म्हणून. देशाचा आकडा ३०१ वरून ९७ वर आला त्यात तपासण्या वाढल्याचाही वाटा आहे.

पण तुमच्या प्रश्नात एक धागा बरोबर आहे. राज्यात आता शंभरातली ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे 'दवाखान्यात चला' हे सांगून जेवढं कमी व्हायचं तेवढं झालं. आता जे उरलंय ते दवाखान्याच्या आत, दोन दवाखान्यांच्या मधात, आणि घरी गेल्यावर. आणि कारणंही सरकतात. रक्तस्राव, बीपी, जंतुसंसर्ग ही तिन्ही आहेतच, पण आधीपासून असलेल्या आजारानं जाणाऱ्या बायका आता जास्त ठळक दिसतात. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेली, ते कधी कळलंच नाही, सातव्या महिन्यात दम लागायला लागला तर घरचे म्हणतात पोट वर आलं म्हणून लागतो. अशा बाईचं बाळ बाहेर आल्यावर पिशवीतलं रक्त एकदम हृदयाकडे परतते आणि फुप्फुसात पाणी भरते. कावीळ, टीबी, डेंग्यू, २०१८ ला विदर्भात स्क्रब टायफस पसरला होता तसलं काही, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात काय झालं ते सगळ्यांनीच पाहिलंय.

आणि आपल्याकडे सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार.

इंदोऱ्याची मुलगी | बुधवार, दुपारी १२:३०

मी एसएस आहे, म्हणजे नुसती वाहक नाही, आई-बाबा दोघांकडूनही सिकलसेल आलेली पेशंट. मागच्या वर्षी मुलगा झाला. वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

विदर्भात घरोघरी वाहक आहेत, आणि लग्नाच्या वेळी गोत्र विचारतात, पत्रिका पाहतात, हे विचारत नाहीत. माझं मला सतरा वर्षांपासून माहीत होतं म्हणून मी वाचले असं माझी डॉक्टर म्हणते. माझ्या शेजारच्या बेडवर एक मुलगी होती, तिला आठव्या महिन्यात पहिल्यांदा कळलं, तोपर्यंत नुसती अ‍ॅनिमिया म्हणून लोहाच्या गोळ्या वाढवत होते. ज्यांना खूपदा रक्त चढलेलं असते त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असते, तपासल्याशिवाय गोळ्या वाढवायच्या नसतात. फॉलिक अ‍ॅसिड मात्र रोज. पाणी भरपूर. आणि छातीत दुखून ताप आला, दम लागला तर एक तास थांबायचं नाही, कारण ते फुप्फुसाचं क्रायसिस असू शकते. माझं तसं डिलिव्हरीच्या तिसऱ्या दिवशी झालं. मी वॉर्डातच होते म्हणून. माझ्या सासूबाईंनी डिस्चार्जला विरोध केला होता, सात दिवस ठेवा म्हणून अडून बसल्या, त्यांचे पाय धरावे वाटतात मला.

वर्धमाननगर वाचक | बुधवार, दुपारी ३:१५

अवांतर असेल पण विचारतो, बाळंतिणीला पाणी कमी द्यावं का? आमच्याकडे आई म्हणते पाणी दिलं की पोट सुटते, बाळाला सर्दी होते. बायकोला आठवडा झालाय. खोलीत शेगडी, दारं बंद, बाहेर ४४.

निवृत्त सिस्टर | बुधवार, दुपारी ३:४०

अवांतर नाही, आत्ता उठून तिला पाणी दे. बाळंतिणीचं रक्त आधीच घट्ट होण्याकडे झुकलेलं असते, निसर्गानंच तसं केलंय, रक्तस्राव थांबावा म्हणून. त्यात पाणी तोडलं, घाम काढला, पलंगावरून उठू दिलं नाही, तर पायाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी होते. आपल्या देशात बाळंतिणींमध्ये मेंदूच्या गुठळ्या जास्त दिसायच्या त्याचं हे एक कारण सांगतात. खिडकी उघड, शेगडी बाहेर काढ. आईला सांग की सिस्टरनं सांगितलं, माझं नाव पुढे कर. डोकं दुखते का तिचं? एक पाय सुजलाय का? ताप? अंगावरून वास येणारं जाते का? यातलं एकही असेल तर आजच दाखव. ताप आला की 'दूध उतरलं म्हणून आला' म्हणतात, तो दोन दिवस अंगावर काढू नको.

आणि बीपी मोजून घे.

वर्धमाननगर वाचक | बुधवार, संध्याकाळी ६:५५

दाखवून आणलं. बीपी १२४/८०, ताप नाही. पाणी पिते आहे. आई थोडी नाराज आहे, चालेल. आभार.

बे पोट्टा | बुधवार, रात्री ८:१०

सिस्टर, माह्या बहिणीसाठी काय काय करू ते एकदा सांगा नं. मी जावयाच्या मांगे लागतो.

निवृत्त सिस्टर | बुधवार, रात्री ९:२५

तिचं कार्ड हातात घे आणि बघ, प्रत्येक भेटीला बीपी लिहिलंय का. १४०/९० किंवा त्याच्या वर कुठे आहे का. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का. सिकलची तपासणी झाली का. रक्तगट कोणता, आणि त्या गटाचे दोन मित्र आत्ताच सांगून ठेव, मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, रक्तपेढ्यांत तुटवडा असतो. जिथे डिलिव्हरी करणार तिथे विचार, अडचण आली तर तुम्ही कुठे पाठवता. विचारायला लाजू नको, चांगला डॉक्टर चिडत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर तज्ज्ञ डॉक्टर फुकट तपासतात, खाजगीत दाखवत असले तरी जाता येते. गाडीला १०२ किंवा १०८. सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी, सिझर, औषध, रक्त, जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत आहे, २०११ पासून, कोणी पैसे मागितले तर देऊ नको.

आणि बाळ झाल्यावर बारशाची यादी करशील ना, त्या यादीत पहिल्यांदा लिहून ठेव, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बहिणीचं बीपी.

हुडकेश्वरची वर्षा | शनिवार, रात्री १०:४५

चार दिवस इथे आले नाही, सगळं आज एका बैठकीत वाचलं. सगळ्यांचे आभार कसे मानू.

आशाताईंनी सांगितलं तसं केलं. आमच्या आशाला खरंच काही माहीत नव्हतं, ती ऐकून रडायलाच लागली, म्हणाली सातव्या महिन्यापर्यंत दर वेळी मीच घेऊन जात होते. तिनं केंद्रावर कळवलं आणि काल एएनएम मॅडम आणि एक डॉक्टर घरी आले. दोन तास बसले. मोठा फॉर्म आहे, आम्ही नुसतं सांगत गेलो आणि ते लिहीत गेले, कोणी कुठे कसं नेलं, किती वाजता निघालो, कोणत्या गाडीनं, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबवलं. माझ्या दिरांना वेळा पाठ आहेत. सकाळी सव्वासातला पहिला झटका. रात्री दहाला नागपूर. मध्ये पावणेपंधरा तास. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर यायचे म्हणून चार तास, गाडी मिळायला दोन, दुसऱ्या ठिकाणी आयसीयूत जागा होईल म्हणून पाच तास बाकावर. बाकीचा रस्ता. इंजेक्शन एकच दिलं होतं, कोणतं ते चिठ्ठीवर नाही.

मग त्यांनी विचारलं पायावर सूज कधीपासून होती. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. तिच्या आईला फोन लावला तर त्या म्हणाल्या आठव्या महिन्यापासून, पैंजण काढून ठेवलं होतं तिनं, रुतत होतं म्हणून. त्यांना वाटलं पहिलटकरणीला सूज येतेच. त्या फोनवर हुंदके देत होत्या, मी सिस्टरांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, दृष्ट काढल्याचा दोष देऊ नको लिहिलंय तो.

कार्ड काढलं. नागपूरच्या पाचही भेटींचं बीपी आहे, ११० ते १२० मध्ये. माहेरच्या केसपेपरवर तीन तारखा आहेत आणि बीपीच्या जागी तीन आडव्या रेघा.

फॉर्म चारचं पण पाहिलं. तो प्रश्न 'नाही' केलेला होता. डॉक्टर म्हणाले तुमचा तपास झाला की कारण मातामृत्यू म्हणूनच नोंदवलं जाईल, दोन्ही जिल्ह्यांना कळवू.

जिल्हाधिकाऱ्यांसमोर आढावा होतो म्हणे, त्यात घरच्या दोघांना बोलावतात. दीर म्हणतात मी नाही जाणार, काय उपयोग, ती परत थोडीच येते. मी म्हटलं मी जाते. सासरे येतो म्हणाले सोबत. तिथे काय बोलायचं असते? आम्हाला कोणाला शिक्षा वगैरे नको, पण त्या तीन रेघा कोणीतरी बघाव्यात एवढं वाटते.

पीएसएमवाला | शनिवार, रात्री ११:१५

जा, नक्की जा. ही बैठक शिक्षा देण्यासाठी नसतेच, कुठे काय अडलं ते शोधण्यासाठी असते, म्हणून तिथे खरं बोलता येते. तुमच्या दिरांच्या वेळा कागदावर क्रमानं लिहून न्या. तोंडी सांगताना माणूस रडतो आणि वेळा राहून जातात.

निवृत्त सिस्टर | रविवार, सकाळी ६:४०

वर्षा, मी येऊ का तुझ्यासोबत? आत नाही सोडलं तर बाहेर बसेन. सुट्टीच आहे आता मला रोज.

वाठोड्याची आशा | रविवार, सकाळी ८:०५

ताई, असली कार्ड अन् केसपेपर कोणाच्या हातात देऊ नका, मागितले तर झेरॉक्स द्या. दोन-तीन कॉपी काढून ठेवा. अन् बाळाची दीड महिन्याची लस आली असन, ती चुकवू नका, कार्डावर आईचं नाव हाय तसंच राहू द्या.

हुडकेश्वरची वर्षा | रविवार, सकाळी ८:३०

हो सिस्टर, या. तारीख कळली की इथेच टाकते. आशाताई, लस बुधवारी आहे, मीच नेणार आहे.